शामक : एका निंदावाचक संज्ञेची फेरतपासणी

१

समीक्षेच्या परिभाषेतील काही शब्द व्याख्येच्या वाटेने येत नाहीत. ते वापराच्या वाटेने येतात आणि रूढ झाल्यावर त्यांच्या अर्थाची विचारपूस कोणी करीत नाही. मराठी समीक्षेतील 'शामक' हा असाच एक शब्द आहे. एखादी कादंबरी, कविता किंवा एखाद्या लेखकाचे समग्र लेखन 'शामक' आहे असे म्हटले की त्याचा निकाल लागतो. वाचकाच्या मनातील क्षोभ हे लेखन निजवते, प्रश्नांची धार बोथट करते आणि आहे त्या व्यवस्थेशी त्याची समजूत घालून देते, असा आरोप या एका विशेषणात गृहीत धरलेला असतो. याच्या उलट 'अस्वस्थ करणारे' हे विशेषण गौरवाचे मानले जाते. शामक आणि अस्वस्थ करणारे या जोडीवर मूल्यमापनाची एक संपूर्ण पद्धतीच उभी राहिली आहे.

ही जोडी फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाद होता तो रंजन आणि बोध यांचा, कला आणि जीवन यांचा. फडके आणि खांडेकर ही नावे ज्या दोन बाजूंशी जोडली गेली त्या दोहोंनाही वाचकाची अस्वस्थता हे साहित्याचे प्रयोजन म्हणून अभिप्रेत नव्हते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) पासून नवकाव्याने आणि बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहापासून दलित कथेने वाचकाच्या मनःस्थितीसंबंधीच्या अपेक्षा मुळापासून बदलल्या. साहित्याने काय द्यावे हा प्रश्न मागे पडून साहित्याने काय मोडावे हा प्रश्न पुढे आला. हा बदल आवश्यक होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या बदलाबरोबर शांतवण्याच्या सर्व प्रकारांवर एकच चिठ्ठी डकवली गेली. भाषेत ज्या क्रिया वेगवेगळ्या आहेत त्या समीक्षेत एक झाल्या. ही सरमिसळ कोठे झाली, तिच्यामुळे कोणते साहित्य वाचता येईनासे झाले आणि 'शामक' या शब्दाचा वापर यापुढे कोणत्या अटींवर करता येईल, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

व्यवहारातील मराठीत 'शामक' हा शब्द सुटा फारसा वापरला जात नाही; तो समासाचे उत्तरपद म्हणून येतो. वेदनाशामक, अग्निशामक आणि पित्तशामक हे तीन समास कोणाही मराठी भाषकाच्या तोंडी असतात. तिन्हींत धातू एकच आहे, 'शम्', आणि तरीही तिन्हींत होणारी क्रिया एक नाही.

वेदनाशामक गोळीने वेदनेची जाणीव कमी होते; वेदनेचे कारण बहुधा जागच्या जागी राहते. दात किडलेला असतो, फक्त ठणका कळेनासा होतो. अग्निशामक दलाचे काम याहून निराळे आहे. तेथे जाणिवेचा प्रश्नच नाही; जे पेटले आहे तेच नाहीसे करायचे आहे. आग शमली याचा अर्थ आग राहिली नाही. पित्तशामकाचे तिसरेच. पित्त नाहीसे व्हावे अशी इच्छा कोणी करीत नाही, कारण पित्तावाचून अन्नाचे पचन होत नाही. वाढलेले पित्त आपल्या प्रमाणावर यावे आणि तेथे राहून त्याने आपले काम करावे, एवढेच तेथे अपेक्षित असते.

जाणीव बधिर करणे, वस्तू विझवणे आणि बिघडलेले प्रमाण पूर्वस्थितीला आणणे अशा या तीन क्रिया आहेत. समीक्षक एखाद्या कृतीला 'शामक' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पहिला समास असतो. राज्यसंस्थेला किंवा प्रस्थापित समाजगटाला साहित्याकडून दुसऱ्या समासाची अपेक्षा असते. तिसऱ्या समासाकडे मात्र दोघांचेही लक्ष जात नाही. 'शामक' या संज्ञेची अडचण तिच्या कठोरपणात नसून तिच्या ढिलेपणात आहे. ती कोणता आरोप करते हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही.

३

तिसऱ्या अर्थाचे मूळ आयुर्वेदात आहे आणि तेथे तो आश्चर्य वाटावे इतक्या काटेकोरपणे मांडलेला आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : दोषांचे शमन करणारे, दोषांना कुपित करणारे आणि स्वस्थ माणसाला हितकर असणारे. शमनाच्या समोर येथे कोपन उभे केले आहे. पुढे चौदाव्या अध्यायात चिकित्सेचा विचार करताना शोधन आणि शमन असा भेद केला आहे. शोधन म्हणजे दोष शरीराबाहेर काढणे. वमन, विरेचन, रक्तमोक्ष हे त्याचे प्रकार. शमन दोषांना बाहेर काढीत नाही, जे दोष प्रमाणात आहेत त्यांना उगाच चेतवीतही नाही. जे विषम झाले आहेत त्यांना सम करते.

या विवेचनातील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे शमनाच्या सात उपायांची यादी. पाचन, दीपन, भूक, तहान, व्यायाम, ऊन आणि वारा असे ते सात आहेत. या यादीत निद्रा नाही. गुंगी आणणारे असे एकही द्रव्य नाही. अग्नी प्रदीप्त करणे, भुकेले राहणे, तहान सोसणे, अंग मोडेपर्यंत श्रमणे, उन्हात आणि वाऱ्यात उभे राहणे यांना शमन म्हटले आहे. आज 'शामक' म्हटल्यावर मनासमोर जे मिटल्या डोळ्यांचे, शिथिल शरीराचे चित्र येते त्याच्याशी या यादीचा काहीही संबंध नाही. ते चित्र आधुनिक औषधशास्त्राच्या मराठी परिभाषेतून आले आहे. मज्जासंस्थेची उत्तेजना कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधांना 'शामक' ही संज्ञा लावली गेली आणि जुन्या शब्दात नवा अर्थ भरला गेला. समीक्षेने शब्द घेतला तो या नव्या भरणीसह.

याच ठिकाणी अॅरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस'ची आठवण होणे साहजिक आहे. याकोब बेर्नाइस या जर्मन अभ्यासकाने १८५७ मध्ये या संज्ञेचा वैद्यकीय अर्थ आग्रहाने मांडला आणि शोकांतिका भय व करुणा यांना बाहेर वाट करून देते असे प्रतिपादन केले. भारतीय भाषांत त्यासाठी 'विरेचन' हा पर्याय वापरात आला. वाग्भटाच्या वर्गीकरणात विरेचन हे शोधन आहे, शमन नव्हे. भाषांतराच्या या एका निवडीमुळे साहित्याच्या परिणामासंबंधीची चर्चा शोधनाच्या दिशेने गेली : भावना साचतात, त्या बाहेर टाकाव्या लागतात. भावना बाहेर न टाकता त्यांचे परस्परप्रमाण बदलते, ही दुसरी शक्यता चर्चेतून गळाली. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२४ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम'मध्ये परस्परविरोधी प्रेरणांच्या समतोलाची कल्पना मांडली तेव्हा ही शक्यता निराळ्या भाषेत पुढे आली. पण मराठीत त्या कल्पनेला 'शमन' हे नाव मिळाले नाही. शब्द दुसऱ्या कामाला लागला होता.

४

काव्यशास्त्रातील शांतरसाचा वाद हाच प्रश्न वेगळ्या पातळीवर उभा करतो. नाट्यशास्त्राच्या जुन्या पाठात आठच रस येतात. शांत नंतर दाखल झाला आणि त्याच्या प्रवेशाला विरोध झाला. 'दशरूपक'कार धनंजयाने नाट्यात शांताला स्थान नाकारले. विरोधाचे कारण तर्कशुद्ध आहे. शम म्हणजे सर्व व्यापार थांबणे. जेथे व्यापारच नाही तेथे अभिनय कशाचा करायचा? धनंजयाचा हा आक्षेप आणि आधुनिक समीक्षकाचा 'शामक साहित्या'वरील आक्षेप एकाच गृहीतावर उभे आहेत. शांत होणे म्हणजे क्रिया संपणे हे ते गृहीत होय.

आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत मानला, हे या गृहीताला मिळालेले सर्वांत मोठे आव्हान आहे. ज्या ग्रंथात कुलक्षय आहे, सूड आहे, भर सभेतील विटंबना आहे, त्याचा प्रधान रस शांत आहे असे म्हणणाऱ्याच्या मनात शांताची कल्पना झोपेची असू शकत नाही. महाभारत वाचकाला निजवत नाही. विजय मिळाल्यानंतरही त्यात काही उरत नाही हे तो ग्रंथ दाखवतो आणि त्या दाखवण्यातून येणारी अवस्था आनंदवर्धनाला अभिप्रेत आहे. अभिनवगुप्ताने पुढे शांताचा स्थायिभाव आत्मज्ञानाशी जोडला आणि इतर भाव ज्या भूमीवर उमटतात ती भूमी म्हणून शांताकडे पाहिले. शांत हा अन्य रसांचा अभाव नाही. त्यांचा आश्रय आहे, असा हा पक्ष आहे.

मराठीत हा पक्ष एका घरगुती चित्रातून अवतरला. शके १२१२ मधील (इ. स. १२९०) 'ज्ञानेश्वरी'च्या अकराव्या अध्यायाच्या प्रारंभी शांताच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून येतो आणि त्याच्या निमित्ताने इतर रसांनाही पंगतीचा मान मिळतो. विश्वरूपदर्शनाचा हा अध्याय. यात भय आहे, अर्जुनाची भंबेरी आहे, काळाचे विक्राळ रूप आहे. हे सर्व शांताच्या घरात घडते. यजमान शांत आहे म्हणून पाहुण्यांना मज्जाव नाही. उलट यजमान शांत आहे म्हणूनच एवढे भयंकर पाहुणे त्या घरात बसू शकतात. दहाव्या अध्यायात शांत शृंगारावर मात करतो असे म्हणताना ज्ञानदेवांनी त्याचे श्रेय देशी भाषेच्या नागरपणाला दिले आहे, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे. शांतवण्याचे सामर्थ्य केवळ विषयात नसून भाषेच्या घडणीत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

५

देशी भाषेचा उल्लेख आला म्हणजे संस्कृत 'शम्'च्या शेजारी उभ्या असलेल्या देशी क्रियापदांकडे वळावे लागते. तहान शमते, पूर ओसरतो, गढूळ पाणी निवळते, दिवा मालवतो, थकलेला माणूस विसावतो, तापलेली वस्तू निवते. प्रत्येक क्रियापदाला आपला स्वतंत्र कर्ता आहे आणि त्यांची अदलाबदल सहसा होत नाही. पाणी निवळते तेव्हा गाळ नाहीसा होत नाही, तळाशी बसतो. पाणी ढवळले की तो पुन्हा वर येतो. निवळणे या क्रियापदाला आपल्या तळाचा विसर पडलेला नाही.

यांत 'निवणे' विशेष महत्त्वाचे. ताटातले अन्न निवते, अंग निवते, डोळे निवतात, जीव निवतो. हे क्रियापद संस्कृत 'निर्' आणि 'वा' यांपासून प्राकृतातून आले आहे; म्हणजे 'निर्वाण' हा शब्द आणि 'निवणे' ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एक तत्त्वज्ञानात गेले, दुसरे स्वयंपाकघरात राहिले. स्वयंपाकघरातल्या भावंडाने एक गोष्ट जपून ठेवली आहे : अन्न निवले म्हणजे संपले नाही, आता ते खाता येईल. निवण्यात वस्तू टिकते आणि उपयोगाला येते.

शब्दांचे असे अर्थ हवेत तयार होत नाहीत. त्यांना उन्हातान्हाचा आधार लागतो. बारामती-इंदापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पट्ट्याच्या एका भागाला पाणी दिले, उजनीच्या धरणाने १९८० नंतर भीमाकाठच्या दुसऱ्या भागाचा चेहरा बदलला; तरी इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव अवर्षणाचाच आहे. अशा प्रदेशात 'ताप' हा शब्द रूपक होण्यापूर्वी हवामान असतो. जीव निवला असे तेथे म्हटले जाते तेव्हा वक्ता आपल्या दुःखाविषयी बधिर झालेला नसतो. ऊन कोठे आहे आणि किती आहे हे त्याला नेमके ठाऊक असते. तांब्याभर पाण्याने दुष्काळ हटत नाही आणि हटला असा भ्रमही होत नाही. पाणी पिऊन माणूस पुन्हा कामाला लागतो.

याच पट्ट्यातून आषाढवारीत तुकोबांची पालखी जाते. बारामती मागे टाकून ती इंदापूर तालुक्यात येते. बेलवाडीला गोल रिंगण होते, निमगाव केतकी आणि इंदापूर हे मुक्काम होतात, सराटीला पादुकांना नीरास्नान घडते. वारीच्या व्यवस्थेत 'मुक्काम' आणि 'विसावा' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत. मुक्काम रात्रीचा, विसावा वाटेतला, थोड्या वेळाचा. विसाव्याला अर्थ येतो तो पुढे चालायचे असते म्हणून. जो चालत नाही त्याला विसावा नाही, त्याला केवळ बसणे आहे. वाग्भटाने शमनाच्या उपायांत व्यायाम, ऊन, वारा, भूक आणि तहान यांना का बसवले याचे उत्तर या वाटेवर मिळते. वारकरी या पाचांतून जातो आणि समाधान मिळाले असे म्हणतो. या समाधानाला अफूची उपमा देण्याआधी उपमेचे दुसरे टोक तपासले पाहिजे. अफू घेतलेला माणूस एवढा चालत नाही.

६

शमनाची मागणी करणारी कविता प्रत्यक्षात कशी असते, याचे एक उदाहरण याच प्रदेशातून घेता येते. मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले; तेथेच त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या 'केकावली'चे नाव बोलके आहे. केका म्हणजे मोराची आर्त साद आणि केकावली म्हणजे अशा सादांची ओळ. कवीचे नाव मोर. त्याची साद मेघासाठी. तापलेला मोर आणि श्यामवर्ण मेघ हा संस्कृत काव्यातला रूढ संकेत आहे, हे खरे. परंतु हे नाव पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात ऐकणाऱ्याच्या कानी केवळ संकेत म्हणून पडत असेल असे मानणे कठीण आहे.

'केकावली'चा विषय शमन आहे. तिचा स्वर मात्र शांत नाही. कवी ईश्वराशी वाद घालतो, पूर्वी उद्धरलेल्यांचे दाखले काढून आपला दावा मांडतो, आर्जव करतो, टोचून बोलतो, पुन्हा शरण जातो. पृथ्वी वृत्ताची लांब, वळणे घेत जाणारी ओळ या युक्तिवादाला सोयीची ठरते. काव्य वाचून संपवणाऱ्याला जी निवांतता लाभते ती या सगळ्या घासाघिशीच्या शेवटी लाभते. मेघ बरसल्याचे वर्णन करून कवीने ती आयती दिलेली नाही.

या काव्याचे पुढे जे झाले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. काव्याच्या शेवटाकडे येणारा, सज्जनांची संगती मागणारा श्लोक मूळ काव्यातून सुटा झाला आणि महाराष्ट्रातील शाळांतून प्रार्थना म्हणून म्हटला जाऊ लागला. हात जोडून, डोळे मिटून, रांगेत उभे राहून म्हटला जाणारा तो श्लोक आणि वादविवादाच्या अखेरीस कवीने काय मागावे हे ठरवल्यावर उच्चारलेला तो श्लोक, यांचे शब्द एकच आहेत. क्रिया एक नाही. पहिल्या संदर्भात तो शिस्तीचा भाग होतो, म्हणजे विझवण्याच्या जवळ जातो. दुसऱ्या संदर्भात तो निवण्याच्या अखेरीस येतो. शामकता हा संहितेच्या अंगी कायमचा चिकटलेला गुण नाही, तिच्या वापरातही ती उत्पन्न होते, हे या उदाहरणावरून दिसते. समीक्षक 'हे लेखन शामक आहे' असे म्हणतो तेव्हा तो लेखनाविषयी बोलतो आहे की त्याच्या सार्वजनिक वापराविषयी, हे त्याने सांगितले पाहिजे.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि त्याला बगल देता येणार नाही. शब्दाचे जुने अर्थ काहीही असोत, इतिहासात शांतवण्याचा उपयोग कोणी कोणाविरुद्ध केला हा खरा प्रश्न आहे, असे म्हणता येईल. संतांच्या शिकवणीने समाज निष्क्रिय झाला हा राजवाड्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. त्याच्या उलट न्या. रानड्यांनी १९०० मधील आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या उदयाची पार्श्वभूमी संतांच्या कार्यात पाहिली, तर गं. बा. सरदारांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) मध्ये त्या कार्याची सामाजिक बाजू आणि तिच्या मर्यादा यांचा हिशेब मांडला. या तिघांतील मतभेद मोठा आहे. पण शमनाने माणूस क्रियाशील होतो की निष्क्रिय, हाच प्रश्न तिघांच्या मुळाशी आहे.

दलित साहित्याच्या भूमिकेतून हा आक्षेप अधिक धारदार होतो. 'शांतता' हा मराठी शब्द तीन मालकांची चाकरी करतो : मनाची स्वस्थता, आवाजाचा अभाव आणि सार्वजनिक सुव्यवस्था. शांतताभंगाचा गुन्हा ज्याच्यावर लागतो तो बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला आहे असा असतो. एका वस्तीची शांतता ही दुसऱ्या वस्तीची मुस्कटदाबी असू शकते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंद हे मूल्य केंद्रस्थानी ठेवणारे सौंदर्यशास्त्र दलित साहित्याला अपुरे पडते अशी भूमिका घेतली, तिचे बळ या अनुभवात आहे. ज्याच्या घराला आग लावली जाते त्याला पित्तशामक आणि अग्निशामक यांतील सूक्ष्म भेद सांगणे क्रूरपणाचे ठरेल.

आक्षेप मान्य केला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करता येत नाही. कारण याच परंपरेच्या केंद्रस्थानी शमनाची एक वेगळी कल्पना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात निर्वाणाचा अर्थ नव्याने मांडला आहे. निर्वाण म्हणजे विकारांचा समूळ नाश किंवा जीवनाची समाप्ती नव्हे; सदाचाराच्या मार्गावर चालता यावे इतका विकारांवर ताबा म्हणजे निर्वाण, असा त्या मांडणीचा आशय आहे. येथे विझवणे नाकारलेले आहे आणि प्रमाण राखणे स्वीकारलेले आहे. निर्वाणाला 'चालण्या'शी जोडलेले आहे. स्वयंपाकघरातल्या 'निवणे'ने जो अर्थ जपला त्याच्याशी तत्त्वज्ञानात गेलेल्या भावंडाची येथे पुन्हा गाठ पडते. विद्रोह एका बाजूला आणि शांत दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करणाऱ्या समीक्षेला दलित चळवळीच्या या मुख्य ग्रंथाचे काय करायचे हे सांगता येत नाही.

८

उरतो तो 'अस्वस्थ करणारे' या गौरवाचा प्रश्न. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःत स्थित असलेला. अस्वस्थ करणे म्हणजे वाचकाला त्याच्या ठिकाणावरून हलवणे. पण हलवलेला वाचक जातो कोठे? दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) प्रसिद्ध झाले तेव्हा मध्यमवर्गीय वाचक हादरला, यात त्या पुस्तकाचे यश आहे. त्यानंतरच्या दशकांत मात्र हादरणे ही वाचनाची एक रीत होऊन बसली. पुस्तक अस्वस्थ करते, वाचक अस्वस्थ होतो, आपण अस्वस्थ होऊ शकलो याचे समाधान त्याला लाभते आणि त्या समाधानात तो पूर्ववत होतो. अस्वस्थतेचे हे ठरावीक माप वेदनाशामकासारखे काम करते : कारण जागच्या जागी राहते, ठणका तेवढा थांबतो. अशा वेळी 'अस्वस्थ करणारे' ही प्रशस्तीच शामक झालेली असते. दोष पुस्तकाचा नसतो. वाचनाच्या त्या रूढीचा असतो, आणि त्या रूढीला समीक्षेच्या शब्दांनी हातभार लावलेला असतो.

'शामक' हा शब्द टाकून द्यावा असे यावरून म्हणायचे नाही. बधिर करणारे लेखन विपुल आहे आणि त्याला नाव हवे. पण ते नाव वापरणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. ज्या तापावर ही कृती उतारा आहे तो ताप कृतीत दिसतो का? शांतवण्याच्या अखेरीस त्या तापाची स्मृती उरते का? आणि शांतवलेला माणूस उठून चालू लागतो का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर कृती वेदनाशामक आहे आणि निंदेस पात्र आहे. उत्तरे होकारार्थी असतील तर तिला त्याच शब्दाने निकालात काढणे हा समीक्षेचा आळस आहे.

या कसोटीवर पाहता जात्यावरच्या ओवीचे स्थान वेगळे ठरते. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील आणि इतर भागांतील गावांतून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवास आहे, बापाच्या घराची ओढ आहे, लेकाचे कौतुक आहे, पंढरीची वाट आहे. पहाटे जाते ओढणारी बाई आपले मन दगडापाशी मोकळे करते आणि तिला हलके वाटते. तिचे दुःख तिला ओवीने विसरायला लावले असते तर ओवीत ते दुःख इतक्या नेमकेपणाने टिकले नसते. हात थांबत नाहीत, दळण पुढे सरकत असते. ओवी संपते तेव्हा पीठ झालेले असते. अशा गाण्याला समीक्षेच्या आजच्या परिभाषेत 'शामक' एवढेच म्हणता येते, आणि ते म्हणताना त्याचा अधिक्षेप होतो. ओवी म्हणणाऱ्या बाईकडे मात्र त्यासाठी नेमका शब्द आधीपासून आहे. तिचा जीव निवलेला असतो.